बे एके बे

आमच्या लहानपणी दिवस 'बे'ने उजाडायचा आणि शाळाही 'बे'नेच भरायची. फजरच्या नमाजनंतर मशिदीतल्या मकतबमध्ये अलिफ, बे, ते. तिथून घरी येऊन चहात पाव बुडवायचा, दप्तर उचलायचे आणि मराठी शाळेत जाऊन ओरडायचे, बे एके बे, बे दुणे चार. हे दोन्ही 'बे' एकच आहेत असे आम्हांला पुष्कळ दिवस वाटत होते. मकतबातला 'बे' हा दुसरा वर्ण आणि पाढ्यातला 'बे' म्हणजे दोन. मग फरक तो काय राहिला? पुढे अबजदची गणना कळली. तिच्यात अलिफची किंमत एक आणि बेची दोन धरतात. म्हणजे पोराची समजूत अगदीच खुळी नव्हती. पण पाढ्यातला 'बे' संस्कृत 'द्वि'पासून प्राकृतातून उतरलेला आणि मकतबातला 'बे' अरबी वर्ण. दोघांची गाठ पडली ती आमच्या तोंडात.

तिसरा 'बे' आम्हांला चौथीत भेटला आणि त्याने चांगलाच मार दिला. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला गुरुजी एक खेळ घ्यायचे. फळ्यावर एक अक्षर लिहायचे आणि त्याने सुरू होणारे जास्तीत जास्त शब्द मुलांनी वहीत उतरवायचे. ज्याचे शब्द जास्त त्याला फळ्याशेजारी उभे राहून ते वाचून दाखवण्याचा मान. त्या शनिवारी 'बे' आला. आम्ही सोळा शब्द लिहिले आणि वर्गात पहिले आलो असे समजून वही पुढे केली. गुरुजींनी लाल पेन्सिल काढली. बेशक खोडला, बेगम खोडला, बेहोश, बेजार, बेगुनाह, बेखबर, बेइज्जत हेही खोडले. "हे तुमच्या लोकांचे शब्द. मराठीचा तास चालू आहे," असे ते म्हणाले. ते रागावले नव्हते. हिशेबातली चूक दाखवावी तशा सुरात बोलले, आणि म्हणूनच बहुधा ते वाक्य विसरता येत नाही.

सात गेले, नऊ उरले. घरी मामू आले होते. मामू उर्दू शाळेत शिकलेले, खत लिहायचे ते उर्दूत, आणि आमच्या दखनीला नाक मुरडायचे. त्यांनी वही पाहिली. गुरुजींनी खोडलेले सात शब्द पाहून त्यांची मान समाधानाने हलली, ते शब्द त्यांच्या लेखी ठीक होते. पण उरलेल्या नवांतले बेसूर, बेचव, बेभान, बेशुद्ध, बेढब या पाचांवर त्यांनी बोट ठेवले. "ये क्या लफ्जां लिख्या रे? बेचव बोले तो? सर फारसी का, धड मराठी का!" त्यांनी तेही खोडले.

दोघांच्या तावडीतून सुटलेले शब्द चार : बेडूक, बेल, बेदाणा आणि बेरीज. या लेखाची सगळी सामग्री त्या एका पानावर आहे. आम्ही काही भाषाशास्त्री नव्हे. पण त्या दोन पेन्सिलींचा माग काढता काढता थोडीफार पाने चाळली गेली, ती वाचकांपुढे ठेवतो.

हा तिसरा 'बे' फारसी. अर्थ 'वाचून, विना'. मागे येणाऱ्या शब्दाचा अभाव तो दाखवतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. शब्द संस्कृत की फारसी, अरबी की हिंदुस्थानी, हे तो कंसातल्या एकेका अक्षराने सांगतो. परके म्हणून त्याने कोणाला दाराबाहेर उभे केलेले नाही. मूळ सांगतो आणि मराठीतला अर्थ देतो. 'बे'ची पाने त्यात उघडून पाहावीत. कुळवाडी, कारकून, गवई, स्वयंपाकीण अशा सगळ्यांचे शब्द तिथे एका रांगेत बसलेले आहेत.

हा 'बे' दरबारातून आला की लष्करातून, हे नेमके कोणी सांगू शकणार नाही. पण तो घरोघर कसा पोहोचला हे मात्र दिसते. १३४७ साली बहमनी सत्ता उभी राहिली, पुढे तिचे तुकडे झाले. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याचा हुकूम दिला आणि दफ्तरात ब्राह्मण कारकुनांचा भरणा झाला, असे फिरिश्ता लिहितो. आता गंमत पाहा. फारसी काढून मराठी आणली, आणि त्यामुळेच फारसी शब्द मराठीत पक्के झाले. कारकुनाने लिपी मोडी घेतली, क्रियापदे मराठी घेतली, पण जमा, वसूल, बाकी, खर्च, दाखल हे शब्द तो कुठून बदलणार? कुळकर्ण्याच्या दप्तरातून ते कुळाच्या तोंडी आले. एकनाथ महाराज (१५३३ ते १५९९) हे दौलताबादच्या किल्लेदाराचे, जनार्दनस्वामींचे शिष्य. त्यांच्या 'अर्जदस्त' या भारुडात देह हाच परगणा आहे आणि जीव धन्याकडे सरकारी थाटात अर्ज करतो. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला ही दफ्तराची भाषा कळत नसती, तर भारुडातली मौज त्याच्यापर्यंत पोहोचलीच नसती.

'बे'ही या दफ्तराबरोबरच आला असावा. बेदखल, बेवारस, बेकायदा, बेबाक, बेचिराख हे सगळे त्या जगातले शब्द आहेत. यांतले शेवटचे दोन जरा थांबून पाहण्यासारखे.

बेबाक म्हणजे बाकी नसलेला. कर्ज बेबाक केले म्हणजे फेडून टाकले. पण उर्दूत आणखी एक बेबाक आहे. त्यात 'बाक' म्हणजे भीती. बेबाक म्हणजे निर्भीड. उर्दू लिपीत एक मोठ्या काफने लिहितात आणि एक लहान काफने, त्यामुळे घोटाळा होत नाही. आपल्या नागरीत दोन्ही एकच. सावकाराचे देणे ज्याच्या डोक्यावर नाही तोच माणूस निर्भीड बोलू शकतो, असा एक अर्थ या घोटाळ्यातून आपोआप निघतो. तो कोशकारांना मान्य होणार नाही, पण आमच्या गावातल्या कुणालाही पटेल.

आणि बेचिराख. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग गाव. महसुली दफ्तरात हद्द आहे, जमीन आहे, नाव आहे, पण वस्ती नाही, अशा गावाला आजही बेचिराख गाव म्हणतात. मराठी जिभेने 'ग'चा 'ख' केला आणि शब्दाच्या शेवटी 'राख' तयार झाली. तेव्हापासून लोकांना त्यात विझलेला दिवा दिसत नाही, जळालेले घर दिसते. वर्तमानपत्रात 'वस्ती बेचिराख' असा मथळा येतो तेव्हा तो आगीबद्दलच असतो. मूळ अर्थ चुकला म्हणून कुणाला दोष देऊ नये. शब्दाने आपला अर्थ घरी बसून बदललेला नाही, त्याने पुष्कळ वस्त्या पाहिल्या आहेत.

दफ्तरातून आलेला हा 'बे' मग मराठीने स्वतःच्या कामाला जुंपला. आमचे म्हणणे हे आहे की शब्द उसना आणणे ही एक गोष्ट आणि उपसर्ग आपलासा करणे ही दुसरी. बेहोश हा शब्द तयार आला. बेभान इथे घडला. 'भान' संस्कृतातून आलेले, 'सूर' आपला, 'चव' तर घरच्या चुलीवरची. त्यांना 'बे' लावला तो विजापूरच्या मुन्शीने लावला नाही. आमटीत मीठ कमी पडलेले पाहून कुणा बाईने तोंड वाकडे केले असेल आणि बेचव म्हटले असेल. बेताल, बेडौल, बेजोड, बेघर, बेछूट, बेबनाव. याच रीतीने गैरसोय, गैरसमज, गैरवापर झाले, नापीक झाले. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे बेशुद्ध. शुद्ध या शब्दाच्याच डोक्यावर फारसी टोपी! भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ताही घेरी येऊन पडला की लोक त्याला बेशुद्धच म्हणणार, दुसरा सोयीचा शब्द कुणाजवळ आहे?

मात्र 'बे' दिसला की तो फारसी असे समजू नये, आणि खेळाची खरी मजा इथे आहे. बेलदार घ्या. 'बेल' म्हणजे फारसीत कुदळ, फावडे. ते चालवणारा तो बेलदार. बेलाच्या झाडाशी त्याचा संबंध नाही आणि 'विना' अर्थाच्या 'बे'शीही नाही. होवो ते बेहत्तर, यातला बेहत्तर म्हणजे फारसी 'बिहतर', अधिक चांगले. तिथेही अभाव कशाचा नाही. बेताल मनुष्याच्या मानगुटीवर वेताळ बसला आहे असे वाटते, कारण हिंदीत वेताळाला बेतालच म्हणतात. पण आपला बेताल म्हणजे ताल सोडलेला. बेवडा हा मात्र पाढ्यातल्या 'बे'चा नातलग, दुहेरी या अर्थाचा. आणि बेपारी हे आडनाव आपल्या समाजात सर्वत्र आहे, ते व्यापारी या शब्दाचेच रूप. शाळेत एका बेपारी मित्राला आम्ही 'बिनपरीचा' म्हणून चिडवत असू, ते आता आठवले की ओशाळायला होते.

उलट, जिथे 'बे' खरा आहे तिथे तो कुणाला दिसत नाही. बेदाणा हा आमच्या वहीत दोन्ही पेन्सिलींतून सुटला. तो म्हणजे बे-दाना, बी नसलेला. गुरुजींना तो वाण्याच्या दुकानातला जिन्नस वाटला, म्हणून मराठी. तासगावच्या शेडमध्ये द्राक्षे वाळवणारा शेतकरी रोज हा फारसी समास उच्चारतो आणि २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

चौथा सुटलेला शब्द बेरीज. गणिताच्या पुस्तकातला पहिला धडा, त्याच्यावर कोण संशय घेणार? मामूंनीही घेतला नाही. पण तो अरबी 'बारिज'वरून आलेला. बारिज म्हणजे बाहेर आलेला, उघड. जुन्या दफ्तरी हिशेबात तपशिलातून काढून बाहेर मांडलेली रक्कम. तिच्या जोडीची वजाबाकी तर दोन्ही अंगांनी अरबी, वजा आणि बाकी. आम्हांला हे कळले तेव्हा गुरुजी हयात नव्हते. असते तरी आम्ही सांगायला गेलो नसतो. रोज सकाळी ते हजेरी घेत आणि आम्ही हजर म्हणत असू. शाई, कागद, दप्तर हे शब्द त्यांच्या तोंडी दिवसभर असत. इतकेच काय, 'मराठीचा तास' या त्यांच्या शब्दांतला तासही फारसीच, ज्यावर ठोके देत ती धातूची थाळी. गुरुजींनी भेद केला तो शब्दांच्या मुळावरून केला नव्हता. ज्या पोराने वही पुढे केली त्याच्याकडे पाहून केला होता. बेइज्जत हा शब्द शेजारच्या मुलाच्या वहीतही होता आणि तो तिथे खोडला गेला नाही, हे आम्ही तेव्हाच पाहिले होते.

बेगमची गोष्ट निराळी. हा शब्द तुर्की, बेग या पदवीचे स्त्रीरूप. त्यात 'बे'ही नाही आणि 'गम'ही नाही. पण कानाला तो बे-गम, दुःखाविना, असाच लागतो आणि या श्लेषावर कित्येक शायरांनी हात चालवला आहे. आमच्या नानीला एकदा हा अर्थ सांगितला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बेगम हौर बे-गम? मैं तो नै देखी, बाबा." औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्याजवळ बेगमपुरा नावाची वस्ती आहे, तो बेगमांचा पुरा. संत रविदासांनी ज्या बेगमपुऱ्याचे स्वप्न पाहिले तो दुसराच, दुःख नसलेले शहर. त्यांचे ते पद गुरू ग्रंथ साहिबात आहे. चर्मकाराच्या घरात जन्मलेला काशीचा हा संत आदर्श नगरीचे वर्णन करताना खिराज आणि माल हे महसुली शब्द घेतो आणि सांगतो की तिथे ही वसुलीची धास्ती नाही. दफ्तराची भाषा ज्यांच्या पाठीवर उमटली होती, त्यांनीच तिच्यातून असे शहर बांधले.

'ना'चीही अशीच फसवणूक आहे. नाराज, नापसंत, नालायक हे सरळ. नाजूक मात्र अखंड शब्द, त्यात नकार नाही. आणि कोकणातला नाखुदा! 'खुदा नसलेला' असे वाचून कुणी दचकेल. तो मुळात नाव-खुदा, नावेचा धनी. खुदा म्हणजे फारसीत मूळचा मालक, स्वामी. त्याच नाखुदाचा किनाऱ्यावर नाखवा झाला आणि दोन्ही आडनावे कोकणच्या किनाऱ्यावर आहेत. कोलकात्याची प्रसिद्ध मशीद कच्छी मेमन मंडळींनी बांधली, तिलाही नाखुदा मशीद म्हणतात. अरबी समुद्रावर तांडेल, सारंग, खलाशी, नाखवा एकाच गलबतावर बसत, तेव्हा शब्दांची झडती कुणी घेतली नाही. वादळात तर नाहीच.

झडती पहिल्यांदा घेतली गेली ती रायगडावर, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राजव्यवहारकोश' तयार झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे ते काम होते आणि धुंडिराज व्यास यांचे नावही कोशकार म्हणून घेतले जाते. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग आणि सुमारे चौदाशे शब्द. पेशव्याला प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबीराला सुमंत, सरनोबताला सेनापती. नव्या सार्वभौम राजाला आपली राजभाषा हवी होती. विजापूर आणि दिल्ली यांच्यापुढे मान ताठ ठेवून उभे राहायचे होते. त्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही. तो कोश राज्यकारभारासाठी होता. चौथीतल्या पोराच्या वहीसाठी नव्हता. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले आहेत. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा पंधराच्याही आत, १६७७ च्या पत्रात ते पुष्कळ वाढलेले आणि १७२८ च्या पत्रात बहुतेक सगळे मराठीच. हा आकडा उत्साहाने सांगितला जातो. पण शब्दांची संख्या कमी झाली तरी नित्याच्या वापरातले राहून गेले, ही बाजू कुणी सांगत नाही. पेशव्यांच्या शिक्क्यात 'मुख्य प्रधान' असे, लोकांच्या तोंडी मात्र पेशवाच राहिला.

सगळ्यात मोठी मौज 'सर' या फारसी डोक्याची. सर म्हणजे शिर, मुख्य. सरस्वती, सरपण, सरडा, सरबत यांच्यात तो नाही. पण सरदेसाई, सरपोतदार, सरनाईक, सरदेशमुख या आडनावांत तो आहे. सरनोबत घालवून सेनापती आणला, आणि मराठ्यांनी त्या संस्कृत सेनापतीच्या डोक्यावर पुन्हा 'सर' ठेवून सरसेनापती केला. पंच आपले, त्यांचा मुख्य सरपंच. न्यायाधीश संस्कृत, देशाचा मुख्य न्यायाधीश सरन्यायाधीश. १९२५ साली नागपुरात स्थापन झालेल्या संघाच्या प्रमुखाचे पदनाम सरसंघचालक, त्यातही तोच 'सर'. आम्ही हे टोमणा म्हणून लिहीत नाही. मुख्य म्हणायचे झाले की मराठी माणसाच्या जिभेवर हे अक्षर आपोआप येते आणि ते परके आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही, इतकेच.

दुसरी झडती विसाव्या शतकातली. १९२० च्या दशकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभी केली. तारखेला दिनांक, नंबरला क्रमांक, मेयरला महापौर, शहीदला हुतात्मा असे अनेक शब्द त्यातून रूढ झाले आणि त्यांतले काही चांगलेच सुबक आहेत, हे मान्य केले पाहिजे. अर्जावर आम्ही दिनांक लिहितो आणि लग्नाची मात्र तारीख काढतो. या चळवळीच्या सावलीत एका माणसाची आठवण आम्हांला वारंवार येते. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन. फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवणारा हा विद्वान. मराठीत गझल रुजवण्याचे श्रेय त्यांचे. १९२५ साली त्यांचा 'फारसी-मराठी कोश' भारत इतिहास संशोधक मंडळाने काढला. आजही मोडी दफ्तर वाचणाऱ्याला तो हाताशी लागतो. मराठीतल्या फारसीचा इतका मोठा जाणकार त्या काळी दुसरा क्वचितच असेल. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आणि याच माणसाने पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून शुद्धीची बाजू घेतली. ज्याने एकेका शब्दाचा हात धरून त्याला मराठी घरात ओळख करून दिली, त्यालाच उतारवयात ते पाहुणे नकोसे का झाले असतील? खरे तर उतारवय म्हणणेही चुकीचे, १९३९ साली ते गेले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. आम्हांला त्यांचा राग येत नाही. त्यांचा कोश आमच्या कपाटात आहे आणि शब्द अडला की पहिला हात त्याच्याकडेच जातो. त्याच काळात, १९३३ साली, औरंगाबादहून मौलवी अब्दुल हक यांचे मराठीवरील फारसीच्या परिणामाविषयीचे उर्दू पुस्तक निघाले. एकाच विषयावर दोन ठिकाणी असे दोघे बसले होते. पुढे डॉ. यू. म. पठाण यांनी हा फारसी-मराठी अनुबंध मराठीतच मांडला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ साली सरकारी पदांची मराठी नावे देणारा 'पदनाम कोश' निघाला. आचार्य अत्र्यांनी एक अक्षर बदलून त्याला 'बदनाम कोश' म्हटले आणि सगळा महाराष्ट्र हसला. हसताना कुणाच्या लक्षात आले की नाही कोण जाणे, त्या विनोदातला 'बद' फारसी आहे, आणि मधला 'नाम' कुणाचा म्हणावा? संस्कृतातही तो नाम, फारसीतही नाम. सख्ख्या बहिणींच्या घरचे शब्द. बदनाम या शब्दाचे दोन तुकडे करून वाटणी करायला बसले तर दुसरा तुकडा दोघेही आपला म्हणतील.

मामूंची पेन्सिल अजून बाकी आहे. आपल्या समाजात गुरुजींच्या पेन्सिलीची चर्चा पुष्कळ होते, मामूंच्या पेन्सिलीबद्दल आपण गप्प राहतो. तिलाही मोठा इतिहास आहे. औरंगाबादच्या वलीची शायरी दिल्लीत गेली आणि तिथल्या कवींना कळले की फारसी सोडून या बोलीतही दिवान रचता येतो. पण दिल्लीने वलीकडून धडा घेतला आणि त्याची बोली मात्र घेतली नाही. शाह हातिम यांनी १७५५ च्या सुमारास आपलेच जुने काव्य गाळून 'दिवानजादा' तयार केला आणि प्रस्तावनेत देशी, भाखा शब्द टाळल्याचे सांगितले. पुढे लखनौत नासिखने (मृत्यू १८३८) हीच छाटणी आणखी कडक केली. टाकून दिलेल्या शब्दांना मतरूकात म्हणतात. दखनीचे कितीतरी शब्द त्या यादीत गेले. ज्या भाषेत विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने 'किताब-ए-नौरस' लिहिली, तीच भाषा बोलणाऱ्याला पुढे गावंढळ ठरवले गेले. आमचे मामू हातिम आणि नासिख यांची नावेही जाणत नव्हते. पण बेचव खोडताना त्यांचा हात त्या दोघांनीच धरला होता. घरात नानी दखनी बोलली की मामू पाहुण्यांसमोर तिला थांबवत. ती थांबायचीही. मग पाहुणे गेल्यावर दुप्पट बोलायची.

गुरुजींना वाटे की आमचे शब्द मराठीत घुसले आहेत. मामूंना वाटे की मराठी आमच्या शब्दांत घुसली आहे. दोघांच्या मधली जी वही होती ती कोणाची, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ साली 'योगसंग्राम' लिहिला तेव्हा त्यांना हा प्रश्न पडला नव्हता. लावणीकार सगनभाऊंना पडला नव्हता. शाहीर हाच शब्द अरबी 'शायर'चा. डफावर थाप पडली की महाराष्ट्र त्याला आपला म्हणतो, आणि तो आहेच आपला.

गेल्या बकरी ईदला घरात पोरे जमली होती. कुर्बानीचे वाटे पोहोचवून झाले, बिर्याणी दमावर होती आणि मोबाइल काढून घेतल्यामुळे सगळी हिरमुसली होती. आम्ही तो जुना खेळ काढला. अक्षर 'बे'. पाच मिनिटे. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या धाकट्याने लिहिले बेड, बेबी, बेकरी, बेल्ट, बेसिन, बेस्ट. मराठी शाळेतल्या मुलीने बेडूक, बेल, बेसूर, बेभान, बेफिकीर, बेचाळीस, बेशुद्ध. पुण्याहून आलेल्या भाचीने बेवफा आणि बेपनाह लिहिले, तिचे सगळे शब्द सिनेमाच्या गाण्यांतले होते. मग भांडण सुरू झाले. बेकरी मराठी आहे का? बेस हा शब्द बेस्टवरून आला का? आम्ही म्हटले, नाही, तो बेस्टच्या आधीचा, फारसी 'बेश'चा. यावर धाकटा म्हणाला, मग तर तो माझा नाही, खोडू का?

त्याच्या हातात लाल स्केचपेन होते. आम्ही ते काढून घेतले आणि त्याला बेरीज करायला सांगितली. तिघांचे मिळून एकवीस की बावीस, यावरून पुन्हा भांडण झाले, कारण बेगम दोघींच्याही यादीत होती आणि ती एकदा धरायची की दोनदा, हे ठरेपर्यंत बिर्याणीचे झाकण उघडले गेले.